आईनं सोडलेलं दूध

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. हे सांगताना मी मिरवते असं लोक म्हणतात. मिरवतेच. तीन वर्षं एस.टी.च्या पासवर सांगलीला जाऊन बी.एस्सी. केलं, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. घरात तो शब्द कुणाला धड म्हणता यायचा नाही. आई 'जंतूंचं शिक्षण' म्हणायची. आता साताऱ्यात एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. हे सगळं आधीच सांगते, कारण पुढं जे सांगायचंय त्यात 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय मला नाही. मला माहीत होतं.

गाव कुंडलच्या अलीकडं. घर जैन, रानात ऊस, गोठ्यात दोन म्हशी. दिवस मावळायच्या आत जेवणं, पाणी गाळून पिणं, मुंगी पायाखाली आली तरी आईचं 'अरेरे'. आणि त्याच घरात म्हशीला रेडा झाला की तो महिना-दीड महिन्यात मरायचा. कुणी मारायचं नाही हां. त्याला दूध पुरायचं नाही, इतकंच. दूध डेअरीला जायचं. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरायची, मग वडील बाटलीतलं औषध तिच्या मानेला टोचायचे. म्हैस थरथरायची आणि दूध सोडायची. मी लहानपणापासून हे बघत आले होते आणि दोन्ही वेळचा चहा पीत आले होते.

नोकरी लागल्यावरच्या पहिल्या मे महिन्यात गावी गेले. गोठ्यात एक रेडकू होतं, उभं राहता येत नव्हतं त्याला. मी हात पुढं केला तर माझी बोटं चोखायला लागलं. जोर नव्हता, नुसती खरखरीत जीभ. दुसऱ्या सकाळी वडील त्याला मागच्या पायाला धरून ओढत उकिरड्याकडं नेत होते. आई पलीकडं धार काढत बसली होती. चहा आला, मी कप बाजूला सारला. त्यानंतर दूध नाही, दही नाही, तूप नाही. ह्या अशा खाण्याला वीगन म्हणतात हे मला नंतर मोबाइलवर कळलं.

वडील म्हणाले, "शिकून म्हशीची वकील झाली."

काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्यांची जीभ त्याहून धारदार. एकदा पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या लग्नात जेवायला काय करायचं गं? उसाच्या पाल्याची बासुंदी?"

सगळे हसले. मी पण मागं हटणारी नव्हते. "हत्ती काय खातो काका? तुमची म्हैस तरी काय खाते? पालाच ना? तिला ताकद कुठनं येते?"

"म्हैस बी.एस्सी. झालीया व्हय?"

पुन्हा हशा. मग मी उठून उभीच राहिले. म्हणाले, "शास्त्र सांगतं. झाडपाल्यात माणसाला लागतं ते सगळं आहे. काही म्हणता काही कमी पडत नाही."

शास्त्र असं सांगत नाही. बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व झाडपाल्यात नसतं, ते जंतू बनवतात आणि जनावरांच्या मार्फत आपल्याला मिळतं, हे मी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत पानभर लिहून आले होते. ज्यांना ना अंडं ना मटण, त्यांना ते येऊनजाऊन दुधातूनच. पण पंगतीत हरायचं नव्हतं. आई भाकरी वाढत होती. ऐकत होती.

पुढच्या वर्षी चातुर्मासात शेजारच्या गावात मुनीमहाराज उतरले होते. आमच्याकडं बायका महाराजांसमोर काहीतरी सोडायचा नेम घेतात. कुणी चार महिने साखर सोडतं, कुणी वांगं. आईचा फोन आला.

"मी दूध सोडलं. दही, तूप, सगळंच."

"किती दिवस?"

"दिवस कशाचं? जन्माचं."

"अगं, पण का?"

"तू एकटीच पडलीस तिथं. समदी तुझ्यावरच तुटून पडत्यात. आन् ती रेडकं म्हशीपासनं माझ्याच हातानं वढून बाजूला करत आले की मी. तू म्हणलीस न्हवं, काय कमी पडत न्हाई म्हणून?"

मी म्हणाले, "नाही पडत."

फोन ठेवून मी आनंदानं रडले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं, चौथी शिकलेली माझी आई माझ्या बाजूनं उभी राहिली.

त्याच हिवाळ्यात माझ्याच बोटांना मुंग्या यायला लागल्या. जिना चढताना धाप लागायची, लिहिलेलं विसरायची. साताऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं. त्यांनी रागावून वगैरे नाही, अगदी साधं सांगितलं, "दूध नका पिऊ, तुमची मर्जी. पण मग गोळी जन्मभर. यात वाद नाही." काही इंजेक्शनं झाली आणि रोजची एक लाल गोळी सुरू झाली. महिन्याभरात मी पहिल्यासारखी. इतकं सोपं होतं ते. लाल, गुळगुळीत, हरभऱ्याएवढी गोळी.

सुट्टी काढून गावी गेले तेव्हा गोळ्यांची पट्टी रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाला ठेवली होती. काका ओसरीवर बसलेले.

"तोंड उतारलंय गं. दूध पी, दूध."

"कामाचा ताण आहे."

आत आई म्हणाली, "मला बी तोंड आलंय बघ. तिखट सोसत न्हाई." आणि तिनं जीभ दाखवली. तांबडी, चकचकीत, घासून गुळगुळीत केल्यासारखी. अशा जिभेचं चित्र माझ्या पुस्तकात होतं.

मी म्हणाले, "उष्णता असेल. सब्जा घे."

त्या दिवशी माझी गोळी मी न्हाणीघरात नळाच्या पाण्याबरोबर गिळली.

का? तर पट्टी बाहेर काढली असती तर आईनं मोठ्यानं विचारलं असतं, "कशाच्या गं गोळ्या?" आणि ओसरीवर ते ऐकू गेलं असतं. काका म्हणाले असते, "काय कमी पडत न्हाई न्हवं?" एवढं एक वाक्य ऐकायची माझी तयारी नव्हती. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. पुढच्या खेपा येत गेल्या आणि जात गेल्या. कराडला गाडी बदलताना दर वेळी ठरवायची आणि कुंडलचा फाटा येईपर्यंत मोडायची. आईसाठी मी शेंगदाणे, तीळ, खजूर न्यायची. ज्यात बी-ट्वेल्व्ह नाही ते सगळं न्यायची.

दोनेक वर्षं अशी गेली. मग एक दिवस आई रानातून घरी आली ती एका पायात चप्पल नसताना. दुसरी कुठं निसटली तिला कळलंच नव्हतं. घरात हसले. वडिलांनी वाताचं तेल आणलं. तेलानं पाय चोळले, हात चोळले. मग वडिलांचा फोन आला. त्यांनी मला कधी आपणहून फोन केलेला मला आठवत नाही.

"तुझ्या आईच्यानं धार निघंना. सड हातात धरलाय का न्हाई, तेच तिला कळंना झालंय. आज म्हशीनं लाथ घातली."

मी पहिल्या गाडीनं गेले. आई, वडील आणि मी सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडं. त्यांनी टाचणीनं तळपाय टोचला, आई दुसरीकडंच बघत होती. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर ती पडायलाच लागली, वडिलांनी धरली. दुपारी रिपोर्ट आला, बी-ट्वेल्व्ह नावापुरतंच उरलेलं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, उशीर केला. दूध का सोडलं? दूध, ताक घ्यायला लागा, इंजेक्शन मी देतो."

"सोडल्यालं परत तोंडाला लावू व्हय? न्हाई जमायचं डॉक्टर. पाय जाऊंदे."

"आवं, ऐकत न्हाई ती," वडील म्हणाले. मग बोट माझ्याकडं. "हिच्या नादानं केलं. ही बी दूध पीत न्हाई."

डॉक्टरांनी चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. "तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्ही काय घेता?"

खोलीत पंखा चालू होता. आईही माझ्याकडं बघत होती.

"गोळी घेते."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होऊन गेली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चिठ्ठी मला न देता वडिलांच्या हातात दिली. वडील वाटेल ते बोलले असते तर बरं झालं असतं. 'म्हशीची वकील' म्हणाले असते तरी चाललं असतं. ते चिठ्ठीची घडी घालत राहिले, लहान, आणखी लहान.

रिक्षात आई मध्ये बसली होती. स्टँड यायच्या आधी म्हणाली, "म्हंजे तुला बी झालं हुतं?"

"हो."

"लय झालं हुतं?"

"नाही. लवकर कळलं."

"बरं झालं बाई." मग थोड्या वेळानं, तिळाचा लाडू मागावा तसं, "मग त्यातली एक मला का न्हाई दिलीस?"

रिक्षावाल्यानं आरशातून मागं बघितलं.

गावातला कंपाउंडर इंजेक्शन द्यायला आला तेव्हा मी घरीच होते. सुई भरलेली, लाल औषध. आईनं दंड पुढं केला आणि मागं घेतला.

"ह्यात दूध न्हाई न्हवं?"

"नाही. जंतूंपासून करतात हे."

"म्हंजे तुझंच शिक्षण की." ती हसली. मग हसू थांबलं. पाणी गाळून पिणारी बाई ती. "मग ते करताना जंतू मरत्यात?"

मरतात. मोठ्या टाक्यांत वाढवतात, मारतात आणि त्यांच्यातून हे काढतात. मी ती सगळी रीत पाठ केलेली आहे. 'मरतात' म्हणाले असते तर आईनं दंड परत पदराखाली घेतला असता, आणि तो पुन्हा कुणाच्या बापाच्यानं बाहेर निघाला नसता.

"नाही मरत," मी म्हणाले.

"नक्की?"

"आई, मी तेच शिकले."

तिनं दंड पुढं केला.

बोटं पुष्कळशी परत आली. सुईत दोरा ओवता येत नाही, पण भाकरी थापता येते. पाय आले नाहीत. भिंतीला धरून चालते, अंधारात उठतच नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षभर आधी आला असता तर. धार काढायला कुणी नाही म्हणून वडिलांनी दोन्ही म्हशी विकल्या. मला भांडून जे जमलं नाही ते आईच्या बोटांनी केलं. आता वडिलांच्या चहाला पिशवीचं दूध येतं, गोठ्यात खताची पोती आहेत. काका सगळं कळूनही मला एक शब्द बोलले नाहीत. मी ज्या वाक्याला भ्यायले ते त्यांनी कधी उच्चारलंच नाही. गेल्या खेपेला मी ओसरीवर त्यांच्यासमोर मुद्दाम गोळी काढून घेतली, तर ते उठून आपणच पाण्याचा तांब्या घेऊन आले.

बायका आईला भेटायला येतात. "काय नेम गं तुझा! पाय गेलं पर नेम मोडला न्हाई," म्हणतात. आई म्हणते, "लेकीनं शिकवलं." तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मला पकडता आला असता.

महिन्याला एक इंजेक्शन, कायमचं. मी शक्यतो त्या दिवशी गावी जाते. कंपाउंडर सुई भरतो, आई पदर सारते आणि अजूनही, दर वेळी, माझ्याकडं बघून विचारते, "मरत न्हाईत न्हवं?"

"नाही, आई."

मग ती दंड पुढं करते.