पायरीची कड

माझ्या आणि धाकट्या बहिणीच्या घरांची दारं समोरासमोर आहेत, मधे फक्त गल्ली. वडील गेल्यावर आई मनमाडचं घर आवरून नाशिकला आली ती माझ्याकडे, थोरलीकडे. तिचं जेवणखाण माझ्याकडे, औषधं माझ्याकडे, गुडघ्याला तेल चोळायचं तेही मीच. आणि ऊन कललं, धाकटीची कंपनीतून यायची वेळ झाली, की आईसाहेब भाजीचं ताट उचलून निघाल्या समोर, तिच्या पायरीवर बसायला. गंगेवरून, गोदाकाठच्या बाजारातून, मेथीच्या जुड्या वाहून आणायच्या मी आणि त्या निवडल्या जायच्या तिच्या दारात!

जळफळाट व्हायचा माझा. खोटं कशाला बोलू?

एक दिवस राहवलं नाही. म्हटलं, "आई, आपल्या पायरीला काय काटे आहेत का गं?"

"काटेच आहेत," आई म्हणाली. "कड बघ जरा. परवा पातळ अडकून टरकलं माझं. पोटरीला खरचटतं ते वेगळंच. तिची पायरी बघ कशी गुळगुळीत आहे."

खरंच होतं ते. आमच्या ह्यांनी वर्षानुवर्षं स्कूटर त्या पायरीवरून आत चढवलेली. काँक्रीटची कड फुटून खडी बाहेर आली होती आणि उजवा कोपरा तर पार गेला होता. पण मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हणजे धाकटी जास्त लाडकी वगैरे काही नव्हतं, नुसती कड टोचत होती. कड काय, नीट करता येते.

ह्यांना सांगितलं असतं तर 'बघू' म्हणाले असते, आणि ह्यांचं 'बघू' मला चांगलं माहीत आहे. मीच सिमेंट आणलं, कणकेसारखं घट्ट मळलं आणि फुटक्या कडेवर थापून दिलं. वाळू घातलीच नाही. वाळूने ते कच्चं होईल, असं माझं डोकं. वाळल्यावर दिसलं मात्र झकास. मग एका सकाळी आईने खराटा मारला आणि अख्खी खपली सुटून खाली आली. नेमकी तेव्हाच धाकटी समोर दारात उभी.

"ताई, सुटलेलं आधी काढलं नाहीस वाटतं? आणि जुनं ओलं तरी केलं होतंस का?"

ह्या बाईला सगळं येतं. लहानपणीही आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, धाकटीच्या हाताला गुण आहे हो. मग माझे हात काय लाकडाचे?

"नुसतं सिमेंट तडकतं गं," ती म्हणाली. "वाळू घाल. आणि पुढून फळी लाव, म्हणजे कड सरळ येईल. आमच्याकडे पडलीय एक, देते." नको म्हणणार होते. पण फळी माझ्याकडे नव्हती.

मग छन्नी-हातोडी घेऊन बसले आणि हलणारं सगळं पाडलं. धूळ झाडली, पाणी मारून जुनं काँक्रीट चांगलं भिजू दिलं, त्यावर सिमेंटचं पातळ पाणी फासलं. तिच्या फळीला विटांचा टेकू देऊन वाळू-सिमेंटचा माल दाबून भरला. माल जरा आवळून घट्ट झाल्यावर फळी हळूच काढली आणि पातळ अडकू नये म्हणून कड थापीने गोल केली. वर ओलं गोणपाट टाकलं. आठवडाभर पाणी मारायचं, कोणी बसायचं नाही.

तो आठवडा जिवावर आला. आईला आता समोर जायला हक्काचं कारणच मिळालं. मी इकडे गोणपाटावर पाणी ओतायची आणि तिकडे मायलेकींचं हसणं चालायचं. मेथी निवडताना एवढं हसण्यासारखं असतं तरी काय?

गोणपाट उचललं त्या दिवशी मी पायरी धुऊन पुसून घेतली. आईने कडेवरून हात फिरवला, कोपरा चाचपला, आणि ताट घेऊन बसली. माझ्या पायरीवर! मी आलं घालून चहा आणला.

"छान केलंस गं," ती म्हणाली. "आता इथंच बसत जाईन."

माझा जीव भांड्यात पडला.

"इथून तिचं दार सरळ दिसतं. ती आली की लगेच कळेल."

मी कप खाली ठेवला, आत जाऊन चावी घेतली आणि माझी स्कूटी आणून बरोबर आईच्या समोर, पायरीला चिकटून लावली. आईने ताट उचललं आणि सरकत सरकत उजव्या टोकाला, मी भरलेल्या कोपऱ्यावर जाऊन बसली. तिथून दिसत होतं. कोपरा जागचा हलला नाही.