तुंब्याच्या पाल्यात ती काय कालवायची

तुंबा ओळखायला शाळा लागत नाही. काडी तुळशीसारखी चौकोनी, गाठीगाठीला पांढरी फुलं, पान चुरगळलं की वास थेट डोक्यात. मुलुंडला आमच्या इमारतीमागे, डोंगराच्या पायथ्याला, पाऊस सरता सरता नुसता माजतो. सर्दीला त्याची वाफ, खरजेला ठेचलेला पाला, मच्छरांना सुक्या झाडाचा धूर, हे आमच्या गावच्या कुणालाही ठाऊक.

माझ्या अर्धशिशीचं औषध मात्र बायकोलाच ठाऊक. पहाटे पाला आणून वाटायची, त्यात काहीतरी कालवायची, आणि ठणका उजवीकडे असला की डाव्या नाकपुडीत रस सोडायची. शिंकून शिंकून जीव नकोसा व्हायचा, मग डोकं हलकं. काय घातलंस विचारलं की म्हणायची, "सांगलंय तर गुण येवचो नाय." गावठी औषधाचा नियमच तो. मला पटायचा नाही. पण गुण येत होता, म्हणून गप्प.

ती जाऊन वर्ष होत आलं. अर्धशिशी काही गेली नाही. सुनेने गोळ्या आणल्या, त्यांनी नुसती झोप येते. शेवटी गेल्या आठवड्यात मीच पाला आणला. मीठ घालून बघितलं, आलं घालून बघितलं. मग मिरी. मिरीने पार वाट लावली.

सून ऑफिसला निघाली होती. माझे डोळे बघून म्हणाली, मिरी नव्हे हो बाबा.

तुला काय ठाऊक, मी खेकसलो. तेव्हा कळलं की सासूने दवाखान्यात असतानाच तिला सगळं सांगून ठेवलं होतं. डोकं आणखी तापलं. उभा जन्म संसार माझ्याशी आणि गुपित हिला? एवढे महिने गप्प का बसलीस, असं विचारलं.

"आई म्हणाल्या होत्या, मागितल्याशिवाय औषध द्यायचं नाही. तुम्ही मागितलंत कधी?"

"आता सांग, काय घालायचं ते."

"सांगते. पण मग गुण येणार नाही. जाणून घ्यायचंय की डोकं थांबवायचंय, ते ठरवा. मला उशीर होतोय."

बायको गेल्यापासून, ती काय कालवायची ह्या एका गोष्टीने माझा पिच्छा पुरवलाय. आणि त्या नियमावर माझा काडीचा विश्वास नाही. तरी तोंडातून निघालं, "दे मग."

तिने पर्स खाली ठेवली, पाला उचलला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मी खुर्चीत मान मागे टाकून बसलो, आणि आत कुठला डबा उघडतेय ते कान देऊन ऐकत राहिलो.