कव्हराखालच्या चपला

रस्त्याच्या कडेला कव्हर घातलेली गाडी दिसली की ते प्रकरण अजूनही माझ्यासमोर उभं राहतं. निवृत्तीनंतर मी रोज सकाळी फिरायला जातो. इंदिरानगरात हल्ली दर चार इमारतींमागे अशी एखादी गाडी असतेच. मुलं परदेशात, आईवडील सहा-सहा महिने त्यांच्याकडे, आणि गाडी इथे झाडाखाली उभी. चाकांपाशी वाळक्या पानांचा ढीग. अशी गाडी दिसली की मी पलीकडच्या बाजूने चालायला लागतो. बायको म्हणते, एवढे खून पाहिलेत आणि गाडीला काय घाबरता? तिला सगळं सांगून झालंय, तरी म्हणते.

तेव्हा मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. रविवारची संध्याकाळ होती. आमच्याकडे रविवार म्हणजे पार्किंगची भांडणं आणि मंगल कार्यालयातल्या डीजेच्या तक्रारी. ठाणे अंमलदार सांगत आला की एका सोसायटीच्या वॉचमनची बायको खोलीत मयत सापडली आहे, सेक्रेटरींचा फोन होता.

आम्ही गेलो. पाण्याच्या मोटारीशेजारी पत्र्याची एक खोली होती. नवराबायको दोघेही सुरगाणा तालुक्यातले. भाताची कापणी उरकली की तिकडची माणसं कामाला बाहेर पडतात, तसेच हेही आले होते आणि इथेच टिकले. लहान मुलगी गावी आजीकडे होती. बाई चटईवर निजल्यासारखी पडली होती, पंचविशीच्या आतलीच असेल. गळ्यापर्यंत चादर नीट ओढलेली होती. अंगावर एकही खूण नव्हती. नवरा दारात उकिडवा बसला होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, "निजली ती उठली नाय." पंचनामा करून आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी सरकारी रुग्णालयात पाठवला. रविवारचा दिवस एवढ्यावर संपला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी ठाण्यात एक फोन आला. बाईचा आवाज, त्याच सोसायटीतला. नाव सांगणार नाही म्हणाली. लोकांना खबर द्यायची असते, पण साक्षीला यायचं नसतं. तिचं म्हणणं असं की शनिवारी नवराबायकोचं जोरात भांडण झालं होतं. आणि रविवारी दुपारी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, की तो बायकोला दोन्ही हातांवर उचलून इमारतीच्या मागच्या बाजूने खोलीकडे नेत होता आणि तिची मान लोंबत होती.

म्हणजे बाई खोलीत मेली नव्हती, आणि नवरा खोटं बोलत होता.

दुपारपर्यंत गावाकडची जीप आली. मयत बाईचा भाऊ दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला होता, आडव्या अंगाचा, फार न बोलणारा माणूस. भांडणाची बातमी त्याच्यापर्यंत कुणीतरी आधीच पोहोचवली होती. सगळे रुग्णालयाच्या फाटकाशी बसले. खुनाचा गुन्हा दाखल करून मेहुण्याला आत टाकल्याशिवाय आम्ही मृतदेह ताब्यात घेणार नाही, असं भावाने मला तोंडावर सांगितलं. पोरगी आता माझ्या घरी राहील, हेही सांगितलं. ती पोरगी आजीच्या मांडीवर झोपली होती. आता नवरा तुरुंगात जाणार, की मुलीला घेऊन बायकोच्या चितेपाशी उभा राहणार, हे आमच्या तपासावर होतं.

मी नवऱ्याला ठाण्यात समोर बसवला. खुर्ची दिली तर जमिनीवर बसला. नोकरीत मी एक शिकलो होतो: खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. विचारलं नाही तेही सांगतो, शपथा घेतो, मुलाबाळांच्या डोक्यावर हात ठेवतो. हा उलटा होता. भांडणाचं विचारलं तर त्याने सरळ सांगितलं. तिला मुलीला भेटायला गावी जायचं होतं आणि हा म्हणत होता, साहेब परत आल्यावर जाऊ, त्यांना शब्द दिलाय. कोण साहेब, कसला शब्द, ते मी तेव्हा नीट विचारलं नाही, कारण माझं लक्ष भांडणावर होतं. पण तिला कुठून उचलून आणलं असं विचारलं की दार लावल्यासारखा गप्प. घरातच मेली, एवढंच म्हणायचा. आमचे हवालदार जुन्या वळणाचे. त्यांचे हात शिवशिवत होते. मी म्हटलं, हात लावलात तर तुमचाच जबाब आधी घेईन.

मंगळवारी रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. मारहाण नाही, गळा दाबलेला नाही. पण रक्ताचा रंग नको इतका लाल आहे. कोळशाच्या धुरातून किंवा इंजिनाच्या धुरातून जो विषारी वायू येतो, त्याचा त्यांना संशय होता. खोलीत शेगडी होती का, असं त्यांनी विचारलं. शेगडी नव्हती. गॅसची लहान टाकी होती, आणि पत्र्यांना अशा फटी होत्या की त्यातून मांजर ये-जा करायचं. तिथे धूर कोंडणं शक्यच नव्हतं.

मी पुन्हा खोलीवर गेलो, सोबत महिला शिपाई होती. तिने मयत बाईच्या वस्तू पाहिल्या. कंगवा, टिकल्यांचं पाकीट, दोरीवरच्या साड्या, मुलीसाठी घेतलेला फ्रॉक. सगळं जागच्या जागी होतं. मग ती म्हणाली, "सर, हिच्या चपला कुठायत?" सेक्रेटरींच्या बायकोने सांगितलं की तिच्याकडे एकच जोड होता. हिरव्या रंगाचा, वर फूल असलेला, शहरातल्याच द्वारका चौकाच्या बाजारातून हौसेने आणलेला. अनवाणी ती कधी दिसली नव्हती.

चपला जिथे असतील तिथे ती मेली, एवढं मला कळलं. आम्ही गच्ची पाहिली, मोटारीची खोली पाहिली. मग इमारतीच्या मागे गेलो. तिथे गुलमोहराखाली कव्हर घातलेली एक जुनी पेट्रोल गाडी उभी होती. मालक वयस्कर गृहस्थ, वर्षाहून जास्त काळ मुलीकडे परदेशी असलेले. हवालदारांनी कव्हराची खालची कड उचलली. मागच्या दाराजवळ हिरव्या चपला होत्या, एकीला एक लावून ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा.

गाडीत बसण्याआधी तिने चपला काढल्या होत्या. मी तिथेच कट्ट्यावर बसलो.

त्या चपला मी ठाण्यात नवऱ्यासमोर ठेवल्या. काही विचारलं नाही. त्याने त्या हातात घेतल्या, पदर झटकावा तशी वरची धूळ झटकली आणि मग बोलायला लागला.

मालकांनी जाताना किल्ली त्याच्याकडे दिली होती. दर रविवारी गाडी वीस मिनिटं चालू करून ठेवायची, नाहीतर बॅटरी उतरते. कव्हर पूर्ण काढायचं नाही, धूळ बसते. पुढच्या दारापुरतं वर करायचं. आणि आत कुणाला बसवायचं नाही. याने शब्द दिला. पहिले काही महिने बायको बाहेर उभी राहून बघायची. मग एका रविवारी ती मागच्या दाराचंही कव्हर उचलून मागच्या सीटवर बसली. तिने जन्मभर जीपचा प्रवास केला होता, मागे लटकून, नाहीतर दहा माणसांच्या मांडीवर. आख्ख्या सीटवर एकटी ती कधीच बसली नव्हती. मग तो त्यांचा दर रविवारचा खेळ झाला. हा पुढे स्टीअरिंग धरून बसायचा आणि ती मागून गावं सांगायची. दिंडोरी आली, वणी आली, बोरगाव आलं. सुरगाणा आलं की उतरायचं. त्यात मुलीचं नावही यायचं, दारात उभी आहे बघ म्हणून.

शनिवारच्या भांडणानंतर त्या रविवारी ती रुसली होती. यानेच तिला चल म्हटलं. वणीपर्यंत आले असतील, तेवढ्यात सेक्रेटरींनी हाक मारली. गच्चीवरची पाण्याची टाकी भरून वाहत होती.

"मी उतरलो. कुणी बघंल म्हणून कव्हर खाली सोडलं," तो म्हणाला. "वीस मिनिटं झाली नव्हती, म्हणून गाडी चालूच ठेवली. ती म्हणाली, लवकर ये, बोरगावात थांबते मी."

पाण्याची मोटार बंद करून तो निघाला तर कुणीतरी त्याला कपाट वर न्यायला लावलं. वॉचमन म्हटला की कुणीही कामाला लावतो. तो परत आला तेव्हा ती सीटवर कलंडली होती. त्याला आधी वाटलं निजली.

"अरे, हे तू मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला. "तुझ्यावर खुनाचा आळ आला तरी गप्प बसलास?"

तो म्हणाला, "खुनाचं खोटं हाय, साहेब. गाडीचं खरं हाय."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं प्रामाणिक उत्तर कुणी दिलं नसेल, आणि इतकी चीडही कुठल्या उत्तराची आली नसेल. बायको गेली, पोरगी जाणार, फास समोर दिसतोय, आणि या माणसाला एका जुन्या गाडीच्या सीटची चोरी लपवायची होती.

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून गाडी तपासली. उन्हापावसात एका जागी उभी राहून सायलेन्सरचा पाइप गंजून फुटला होता. गाडीच्या तळाची भोकं बुजवणारी मागच्या सीटखालची रबरी बुचं उंदरांनी कुरतडली होती. म्हणजे इंजिन चालू केलं की धूर सरळ आत. पुढचं दार आणि कव्हर उघडं असेपर्यंत तो बाहेर निघून जात असे, त्यामुळे इतके रविवार काही झालं नव्हतं. मालकांना व्हिडिओ कॉल केला. ते गृहस्थ लहान मुलासारखे रडले. गाडी नीट राहावी एवढंच मी सांगितलं होतं हो, असं परत परत म्हणत राहिले. त्यांचं तरी काय चुकलं होतं? कोणीही हेच सांगून गेला असता. कुणावर राग काढावा असा एकही माणूस या प्रकरणात मला सापडला नाही.

शेवटी मी भावाला आणि नवऱ्याला एकत्र केबिनमध्ये घेतलं. भावाला वेगळं सांगून पाहिलं होतं, तो ऐकायला तयार नव्हता. याच्यासमोर सांगा, याचं तोंड बघायचंय मला, असा त्याचा हट्ट होता. मी सगळं सांगितलं. गंजलेला पाइप, उंदीर, धूर, कव्हर. मारहाण नाही, खून नाही. भावाची मूठ हळूहळू सैल झाली. त्याने डोकं धरलं, मग उठून मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. मृतदेह ताब्यात घेतो म्हणाला. पोरगी बापापाशीच राहू दे, हेही म्हणाला. माझा तपास पूर्ण झाला होता. मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

मग मी नवऱ्याकडे पाहिलं. इतके दिवस त्याला वाटत होतं की तिच्या छातीत काहीतरी झालं, देवाने नेली. ती कशाने मेली हे त्याला आत्ता, माझ्या तोंडून कळलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "कव्हर सोडलं नसतं तर जगली असती ना?"

मी समोरचा तपासाचा कागद उलटा करून ठेवला. भावाने त्याला उठवलं.

अकस्मात मृत्यूचे कागद यथावकाश पूर्ण झाले, वर गेले, मंजूर झाले. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, निष्पाप माणूस सुटला म्हणून. सुटला हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरतो. पोलिसात आल्यावर वाटायचं, खरं शोधून काढलं की कुणाचं तरी भलं होतं. कित्येकदा होतंही. पण त्या दिवशी मी एका माणसाच्या डोक्यावरून खोटा आळ काढला आणि त्या जागी खरा ठेवला. तो उतरवायला कुठलंही कोर्ट नाही. गुन्हा असता तर शिक्षा तरी झाली असती, आणि शिक्षा कधीतरी भोगून संपते.

रुग्णालयात मृतदेह ताब्यात घ्यायला त्यांना आमच्याच जीपने पाठवलं. भाऊ आधी चढला. मी नवऱ्याला म्हटलं, बस गाडीत. त्याने पायातल्या चपला काढल्या, रस्त्याच्या कडेला एकीला एक लावून ठेवल्या आणि अनवाणी आत बसला. जीप सुटली. हवालदार चपला उचलून मागे धावले, पण तोवर ती चौकातून वळली होती.