कनिष्ठेच्या ओठांवरची सुकी लिपस्टिक

लग्नानंतरच्या पहिल्याच भादव्यात मी देवीला लिपस्टिक लावली. आता पन्नाशीला आल्यावर हे वाक्य मी चारचौघींत मोठ्या ऐटीत टाकते आणि समोरच्या बायकांचे हात बशीतच थांबलेले बघते. त्या दिवशी मात्र ऐट कुठली!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सासर नागपूरच्या धंतोलीत, पुढं दवाखाना, मागं दवाखाना, त्यामुळे घराला कायम फिनेलचा वास. घरात बायका तीन: विधवा सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि मी. जाऊबाईंचा भाऊ आखातात नोकरीला होता. त्यानं राखीची ओवाळणी म्हणून बहिणीला तीन लिपस्टिका पाठवल्या. डबीवर ‘मॅट’ असं छापलेलं. आम्ही त्यांना सुक्या म्हणायचो. कॉलेजच्या पोरींपासून सीताबर्डीच्या बांगडीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेव्हा हाच गवगवा होता: चकाकत नाही, पसरत नाही, कपाला डागही लागत नाही म्हणे.

‘म्हणे’वर विश्वास ठेवील ती नागपूरची कसली! महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी सासूबाई दुपारच्या कीर्तनाला गेल्या आणि आम्ही मागच्या खोलीत परीक्षा मांडली.

नारिंगी तर्री-पोह्याच्या तिसऱ्या घासाला वाहून गेली. नापास. गुलाबी टिकली, पण ओठ असे आवळून धरले की जाऊबाईंना हसता येईना.

“माह्या तोंडाले कोणी टाके घातल्यावानी वाटून राहिलं वं!”

तिसरी गडद लाल, वाळलेल्या कुंकवासारखी. चहा झाला, विडा झाला, रुमालानं पुसून झालं. मी कप खिडकीशी धरून फिरवून फिरवून पाहिला. कोरा. शेवटी खोबरेल चोळून दोघींनी कसाबसा रंग काढला.

“मेल्यावर कोण काढन वं हिले?” जाऊबाई म्हणाल्या आणि नेमकं खिडकीखालून दवाखान्याचं स्ट्रेचर गेलं, डोक्यापर्यंत चादर ओढलेलं. आम्ही पटापट डब्या मिटल्या.

आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी. त्यांची धडं पत्र्याची, ती माळ्यावर. डोकी मातीची, रंगवलेली. ती वर्षभर जुन्या साडीत गुंडाळून लोखंडी पेटीत. पेटीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला.

सकाळी त्यांनी पेटी उघडून दिली. “जपून काढ वं,” म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. जपून का, ते मला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं. ज्या वर्षी ज्येष्ठेच्या नाकाचा टवका उडाला, त्याच वर्षी सासरे गेले.

मी साडी सोडली. आधी डोळे दिसले. देवीचे डोळे समोर बघतात, पण पेटीच्या अंधारातून वर येताना ते सरळ माझ्याकडे बघत होते. मी दचकले आणि कनिष्ठा पेटीच्या कोयंड्याला घासली. खालच्या ओठाचा रंग उडाला. आतली पांढरी माती दिसायला लागली. वाटावं, ती काही बोलायच्या बेतात आहे.

आता हे सासूबाईंना दिसलं की मी जन्माची पांढऱ्या पायाची. घरात कोणाला साधी थंडी वाजली तरी बोट माझ्याकडे.

“काहून वं असं केलंस!” जाऊबाई कुजबुजल्या.

“चितार ओळीत नेऊ? तिथं रंगवून देतील.”

“गणपती बसले की ते चितारी आठ दिवस झोपते.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. लिपस्टिकेत चरबी असते असं मानणाऱ्या त्या सोवळ्याच्या घरात मी आगकाडीच्या टोकानं तिसरी लिपस्टिक देवीच्या ओठावर भरली. चकाकली असती तर पकडली गेले असते. सुकी होती म्हणून जुन्या रंगात मिळून गेली. इथं तिला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

दुसऱ्या दिवशी जेवण. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, चांदीच्या पेल्यात पाणी. ताटं वाढून दार लावायचं आणि पुढच्या खोलीत दाराकडे पाठ करून गप्प बसायचं. देवी जेवताना बघायचं नाही. मग दार उघडून, आंबिलीत देवीचं बोट उमटलं का, ते सासूबाई बघणार. पुरुष बाहेर ओट्यावर, आत आम्ही तिघी.

पाठीमागं काचेच्या बांगड्या वाजल्या.

हात लांब करून कोणी पेला उचलावा, तशा. मग पुन्हा, ठेवल्यासारख्या. मी जाऊबाईंचे हात पाहिले, पदरात गच्च. माझे मांडीवर. सासूबाई दारालाच टेकून बसलेल्या, पण त्यांच्या मनगटात सासरे गेल्यापासून काच नव्हती. देवींच्या हातांत बांगड्या होत्या खऱ्या, मीच चढवलेल्या. ते हात कापसाचे होते.

दार उघडलं. आंबील सपाट. पुरणपोळी जशीच्या तशी. कनिष्ठेपुढच्या पेल्यातलं पाणी बोटभर खाली गेलेलं आणि काठावर एक ओठ उमटलेला. गडद लाल, बारीक उभ्या रेघांसकट. मातीच्या ओठाला रेघा नसतात. कनिष्ठेच्या ओठावर पुन्हा पांढरी माती होती.

जो रंग चहाला बधला नाही, विड्याला बधला नाही, तो साध्या पाण्याच्या पेल्याला लागला होता.

सासूबाईंनी पेला उचलला. आधी डाग पाहिला, मग कनिष्ठेला, मग माझे कोरे ओठ. त्यांनी पदरानं काठ पुसला आणि बाहेर खणखणीत आवाज दिला, “देव जेवले हो!” मग माझ्या कानाशी: “लाव लवकर परत. लोकं येऊन राहिले.”

संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई म्हणाली, यंदा कनिष्ठा मोठी प्रसन्न दिसते.

तिसऱ्या दिवशी डोकी गुंडाळताना सासूबाईंनी ती डबी मागितली. दोन डोक्यांच्या मधे ठेवली.

“तिनं उष्टी केली. आता तुले नाही लावता येत.” किल्ली फिरवता फिरवता त्या थांबल्या. “ज्येष्ठेचं नाक माह्याच हातून फुटलं होतं वं. मी कोणाले सांगितलं नाही. तवा असं काही भेटत नव्हतं लावाले.”

एवढंच. मला त्या कधी पांढऱ्या पायाची म्हणाल्या नाहीत. पदरावरचा तो डाग मात्र कुठल्याच साबणाला गेला नाही.

पुढच्या भादव्यात पेटी मीच उघडली. डबीतली लिपस्टिक अर्ध्यावर आली होती, एका बाजूनं तिरकी झिजलेली. रोज लावणारीची झिजते तशी. किल्ली वर्षभर सासूबाईंच्या कमरेला होती. त्या माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या, पण वळून त्यांच्या तोंडाकडे बघायचा मला धीर झाला नाही.

“पाहून काय राहिली वं,” त्या म्हणाल्या, “हाच रंग मागव अजून.”