मोटारीला बांधलेली चिठ्ठी

कल्पना करा, तुमच्यासमोर एक लाकडी फर्मा आहे. डाव्या हाताच्या चिमटीत तांब्याची बारीक तार. उजव्या हाताने हँडल फिरवायचं, तार फर्म्यावर गुंडाळायची आणि फेरे मोजायचे. अडुसष्ट. एक कमी नाही, एक जास्त नाही. पन्नासाव्या फेऱ्याच्या आसपास कुणीतरी दुकानाच्या दारात येऊन विचारतं, "वहिनी, मिक्सर झाला का?" तुम्ही "हो" म्हणालात की संपलं. आता पन्नास झाले होते की एकावन्न? तार उलगडा आणि पहिल्यापासून सुरू करा. अशा बारा कॉइल झाल्या की जळलेल्या पाण्याच्या मोटारीच्या खाचांत बसवायच्या.

अष्टमी गावात, पुलाच्या जवळ, नूतन हे काम बावीस वर्षं करते आहे. तिचे ओठ हलत असले की बोलायचं नाही, हे जुन्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. नव्यांना वाटतं, बाईला गर्व आहे.

ती मूळची जिते गावची. दहावीनंतर पेणला गुणाजी मिस्त्रीच्या वाइंडिंगच्या दुकानात फोन घ्यायच्या कामाला लागली. मिस्त्रीची नजर कमी होत चालली होती. महिन्याभरात त्याने फोनवरून उठवून तिला फर्म्यासमोर बसवलं. काम शिकवलं आणि एक सवयही लावली. दुरुस्त झालेल्या प्रत्येक मोटारीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. त्यावर तारेचा गेज म्हणजे जाडी, फेरे, तारीख आणि दुकानाचं नाव.

"ही गिऱ्हाइकासाठी नाय गो," मिस्त्री म्हणायचा. "उद्या जो कोण मोटार खोलेल, त्याच्यासाठी. त्याला आपण दिसणार नाय. चिठ्ठी दिसंल."

लग्न होऊन ती आंबेकोंडला आली. नवरा कमळाकर डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर कामाला. गाव अष्टमीपासून चार किलोमीटर. नूतनने पुलाजवळ गाळा घेतला आणि पेणच्या दुकानातली ती सवय तिच्याबरोबर नदी ओलांडून इकडे आली.

तीन वर्षांपूर्वी गावात सरपंचाची निवडणूक लागली. गावाच्या वरच्या आळीत तेव्हा नळाला पाणी चढत नव्हतं. काही लोक कमळाकरला उभं राहा म्हणायला आले. तो म्हणाला, "मला शिफ्ट हाय," आणि चपला घालून निघूनच गेला. मग वरच्या आळीतली बायजाबाई थेट नूतनच्या दुकानात आली. नूतनचे ओठ थांबेपर्यंत ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तू उभी रहा गो. तुला निदान मोजता तरी येतं."

प्रचारात नूतनला भाषण जमलं नाही. विहिरीपासून वरची आळी किती उंच आहे, तिथे पाणी चढवायला कुठली मोटार लागेल आणि पाइप केवढा, एवढंच तिने सांगितलं आणि खाली बसली. तिच्याविरुद्ध मिथुन उभा होता. त्याचा आवाज मोठा, मंडप मोठा. नूतन अकरा मतांनी निवडून आली. वर्षाच्या आत वरच्या आळीत नळाला पाणी आलं, आणि तिथे टाकी बांधायचा प्रस्ताव घेऊन ती अलिबागला खेपा घालू लागली.

गेल्या मे महिन्यात विहिरीवरची मोटार जळली. नियमाप्रमाणे आधी ठराव, मग तीन दुकानांची दरपत्रकं, मग दुरुस्ती. म्हणजे किमान आठ दिवस. दोन दिवस नूतनने वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने टेम्पो बोलावला आणि मोटार दुकानात आणली. खोलली, जळकी तार काढली, बारा कॉइल केल्या, वार्निश दिलं, आत दोनशे वॅटचा बल्ब लावून सुकवली. चौथ्या दिवशी दुपारी गावात पाणी आलं. पंचायतीकडून तिने काही घेतलं नाही. तार दुकानात उरलेली होती.

पण हाताला सवय. मोटार टेम्पोत चढवताना तिने चिठ्ठी बांधली.

मिथुनने त्या चिठ्ठीचा फोटो काढला. सरपंचाला पंचायतीचं काम स्वतः घेता येत नाही, असा कायदा आहे. ते सिद्ध झालं तर पद जातं. त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. पद गेलं असतं तर टाकीची फाइल घेऊन अलिबागला कोण जाणार होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"अरे मिथुन," बायजाबाईने त्याला भर रस्त्यात गाठलं, "त्याच पान्यानं आंघोळ करून गेलास ना रे अलिबागला?"

"आजी, कायदा कायदा असतो."

"व्हय, आणि आंघोळ आंघोळ असते."

सुनावणीच्या आदल्या दिवशी ग्रामसेवक दुकानात आले. "मॅडम, चिठ्ठी दुसऱ्या मोटारीची, चुकून बांधली गेली, असं सांगा. विषय मिटेल."

नूतनने फर्मा बाजूला ठेवला. "आणि उद्या जो कोण ती मोटार खोलेल, तो काय समजेल? चिठ्ठीवरचे फेरे खोटे म्हणून?"

"त्याचं कोण बघतंय, मॅडम? तुमचं पद बघा."

"पद पाच वर्षांचं हाय, भाऊ. चिठ्ठी मोटारीबरोबर राहते."

अलिबागला साहेबांनी फोटो दाखवून विचारलं, चिठ्ठी तुमचीच का? ती म्हणाली, माझीच. काम मीच केलंय. फेरे अडुसष्ट आहेत, खोलून बघा. साहेब थोडे हसले, पण निकाल त्या दिवशी दिला नाही. सव्वा महिना नूतनच्या घरात कुणी धड जेवलं नाही. मग कागद आला. सरपंचांनी कुठलाही लाभ घेतलेला नाही, सबब पद कायम. मात्र पदावर असेपर्यंत पंचायतीच्या कुठल्याही मोटारीला त्यांनी हात लावू नये.

पद राहिलं. पुढे टाकीही मंजूर झाली.

मोटार मात्र नवरात्रात, विजेचा दाब घसरून, पुन्हा जळली. या वेळी ठराव झाला, तीन दरपत्रकं आली, आणि काम पेणच्या एका दुकानाला गेलं. दुकान गुणाजी मिस्त्रीचंच. मिस्त्री आता नाही. त्याचा मुलगा हर्षद ते चालवतो. मोटार दहाव्या दिवशी परत आली, छान रंग मारून. चिठ्ठी नव्हती.

चालू केल्यावर नूतनने तिच्यावर तळहात ठेवला. मोटार जरा जास्तच तापत होती. फेरे कमी पडले असावेत, असं हाताला वाटलं. पण खोलून बघायची सोय नव्हती. तिने हर्षदला फोन केला.

"ताई, मोटार चालतेय ना?" तो म्हणाला.

"चालतेय."

"मग? चिठ्ठ्या-बिठ्ठ्या पप्पांच्या टायमाला होत्या. आता कोण लिहीत बसतंय?"

पद संपायला अजून दोन वर्षं आहेत. त्यानंतर ती स्वतः मोटार खोलू शकेल, तोवर मोटार टिकली तर. म्हणून रोज सकाळी दुकानात जायच्या आधी ती विहिरीवर जाऊन तळहात ठेवून येते. आणि मागच्या आठवड्यात तिने पंचायतीच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून, सही-शिक्क्यानिशी हर्षदला एका ओळीचं पत्र पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. पत्रात एवढंच आहे: "आमच्या विहिरीवरील मोटारीत प्रत्येक कॉइलला आपण किती फेरे दिले आहेत?"