मुक्या मामांची अनामत

मुके मामा मुके नव्हते. मुकी होती त्यांची लॉरी. हॉर्न न वाजवणारा ड्रायव्हर मी आयुष्यात एकच पाहिला, तो हा. रस्त्यात जनावर आडवं आलं की मामा गाडी थांबवायचे, खाली उतरायचे, म्हशीच्या पाठीवर थाप मारून तिला बाजूला करायचे आणि मग पुन्हा चढायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "रस्ता त्याचाबी हाय. भ्या दाखवून कामून घ्यायचा?" बाकीचे ड्रायव्हर त्यांना मुके मामा म्हणू लागले, आणि हळूहळू त्यांचं खरं नाव फक्त माझ्या रजिस्टरात उरलं.

मी तेव्हा लातूरला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मुनीम होतो. मुनीम म्हणजे टायपिस्ट, कारकून, चहा-पाणी सांगणारा आणि मालकाच्या शिव्या ड्रायव्हरांपर्यंत पोचवणारा, सगळं एकच. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. रोज नव्या ऑफिसची पाटी लागायची, आणि पावसाचा मात्र पत्ता नव्हता. विहिरी तळाला गेलेल्या. नांदेडकडून कडबा भरून मुरुडच्या गुरांच्या छावणीवर उतरवायचा, हे आमच्या गाड्यांचं त्या वर्षांतलं मोठं काम. मामा त्या लाइनीवर होते.

मामा लोह्याजवळच्या एका खेड्यातले. तीन एकर कोरडवाहू होती, ती भाऊ बघायचा. ऑफिसात शिरले की आधी दारातून "जयभीम मुनीमसाब" म्हणणार, मग चप्पल काढणार. चौथीपर्यंत शिकलेले, पण कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो दोनदा वाचून घेणार. "बाबासाहेबांनी वाचाया सांगितलं, अन् आमी अंगठा मारावा का?" असं म्हणून शांतपणे, अक्षर न् अक्षर लावून, पूर्ण नाव लिहायचे. मागं लोक खोळंबलेले असायचे. मामांना त्याची फिकीर नसे.

अनामतीचा कागदही त्यांनी असाच दोनदा वाचून सही केला होता. आमच्याकडे नवा ड्रायव्हर लागला की आधी अनामत. मालकाचं म्हणणं सरळ होतं, "गाडी लाखाची, माणूस अनोळखी. मी रात्री झोपू कसा?" पैसे नोकरी सोडताना परत मिळणार. मध्ये काही तुटलं, फुटलं, माल कमी भरला तर त्यातून कापणार, आणि कापलं की ड्रायव्हरनं ती पुन्हा पुरी करायची. मामांनी मामीचे चांदीचे गोठ मोडून ही रक्कम आणली होती. पुढं कधीतरी चहा पिता पिता म्हणाले, "बहिणीच्या लग्नात हुंडा दिला न्हाई मी. पाव्हण्याला तोंडावर सांगितलं. अन् मालकाला मात्र गपचिप दिला बगा." आम्ही सगळे हसलो. मामाही हसले.

त्यांचा तो हॉर्न न वाजवण्याचा नाद छावणीच्या लाइनीवर फार महाग पडला. दुष्काळातली गुरं ती. कडब्याची लॉरी थांबली की वासावर धावत यायची. मामा पुढं एक गाय हाकलत असायचे, तेवढ्यात मागून चार तोंडं पेंढ्या ओढायची. गुरांमागं असलेली माणसंही काही डोळे मिटून बसायची नाहीत. मुरुडला पेंढ्या कमी भरायच्या आणि अनामत खाली यायची. मीच ते कापायचो. "मामा, एकदा हॉर्न मारला तर काय बिघडतंय?" मी चिडून विचारायचो. "त्यांच्या पोटात काई न्हाई, मुनीमसाब. वरून पोंगा कुठं वाजवता?" मला राग यायचा, आणि तो त्यांच्यावर नव्हे हे मलाही कळायचं.

एका सकाळी मामा चप्पल काढायची विसरून आत आले. हातात रोजगार केंद्राचं पत्र. नव्या कलेक्टर ऑफिसात जीपवर ड्रायव्हर हवा होता आणि मुलाखतीला मामांना बोलावलं होतं. त्यांनी दोनदा वाचलेलं पत्र मी पुन्हा वाचून दाखवलं. आठ दिवसांनी, सोमवारी. सोबत तीन वर्षं जड वाहन चालवल्याचा दाखला, मालकाच्या सहीशिक्क्याचा. मामांची तीन वर्षं आमच्याकडेच झाली होती. आणि सरकारी नोकरीची त्यांची वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. "येवढी येकच बारी हाय," मामा म्हणाले. "लागली तर तुमच्या मामीला हितं आणतो. पोरं लातूरच्या शाळेत जातेल."

मालक वाईट बोलले नाहीत. ते कधीच वाईट बोलत नसत. "देऊ की दाखला. आपलंच माणूस मोठं होतंय. पण दाखला दिला म्हणजे माणूस गेला, आणि जायची एक रीत आहे. अनामत कमी आहे, ती आधी पुरी करा. मग बघू." म्हणजे स्वतःचे पैसे परत मिळवायला आधी आणखी पैसे भरायचे. मामा त्याच दुपारी गावाकडे गेले आणि चौथ्या दिवशी रक्कम घेऊन आले. कुठून आणली ते मी विचारलं नाही. मालकांनी ती ठेवून घेतली आणि म्हणाले, "छान. आता आजपासून एक महिन्याची नोटीस. दाखला महिना भरल्यावर."

"मालक, मुलाखत सोमवारी हाय."

"अहो, जिल्हा नवा आहे. जागा काय, निघतच राहतात."

मालक जेवायला गेले. मामा बाकावर बसून राहिले, मी टेबलाशी. टायपिंगचं मशीन माझ्यासमोर होतं, शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये. मालकाची सही मी डोळे मिटून करू शकलो असतो, इतक्या वेळा ती पाहिली होती. चार ओळींचा दाखला. त्यात एक अक्षर खोटं नसतं. मामांना हे सगळं कळत होतं, पण त्यांनी ते मागितलं नाही. शेवटी मलाच राहवलं नाही. म्हणालो, "मामा, या ऑफिसात माझीसुद्धा अनामत आहे."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तुमचीबी? मला वाटलं निस्ती डायवरांचीच घेतेत." मग म्हणाले, "मग नका करू. दोगं बुडून काय फायदा?" आणि चप्पल घालून गाडीकडं गेले. मी तिथंच बसलो. त्यांनी मला शिवी दिली असती तर मला आयुष्यभर बरं वाटलं असतं.

सोमवारी ते कडबा उतरवून दुपारी ऑफिसला आले. पावतीवर सही करता करता म्हणाले, "आत्ता नाव पुकारलं असंल. गैरहजर लिवलं असंल. मी तर हजरच हाय, निस्ता तिथं न्हाई." महिना भरल्यावरही ते नोकरी सोडून गेले नाहीत. जाणार कुठं? दुसरा मालक पहिल्या दिवशी अनामत मागणार, आणि इथली परत मिळायला मालकांच्या सवडीची वाट बघायची. एकदा अडकलेला ड्रायव्हर पुढं म्हातारा होईपर्यंत त्याच दारात राहायचा. मामाही राहिले. त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली; लॉरीवर असतानाच आजारी पडले आणि गावीच वारले, एवढंच मला दुसऱ्या एका ड्रायव्हरकडून कळलं.

मी मात्र सुटलो. वर्षभरानं कलेक्टर ऑफिसातच कारकुनाची जागा निघाली. मला मॅट्रिकचं सर्टिफिकेट पुरलं, मालकाचा दाखला लागला नाही. सासरे म्हणाले, "ती अनामत गेली खड्ड्यात, रुजू व्हा." मी झालो. मला ती सोडणं परवडलं, कारण माझ्यामागं सासरे होते.

त्याच उन्हाळ्यात साहेबांबरोबर छावणीच्या तपासणीला जीपमधून जायचा योग आला. मुरुडचा रस्ता तेव्हा एका गाडीपुरता. परतताना समोरून कडब्याची लॉरी येत होती. भरल्या लॉरीचा ड्रायव्हर सहसा डांबर सोडत नाही. जीपवाल्यालाच खाली उतरावं लागतं. पण ही लॉरी लांबूनच मातीत उतरली आणि उभी राहिली. जवळ गेल्यावर मी मामांना ओळखलं. सरकारी पाटी बघून त्यांनी कपाळाला हात लावून सलाम केला. मी मागच्या सीटवर होतो. त्यांना मी दिसलो नसणार.

आमचा ड्रायव्हर निलंग्याकडचा तरणा पोरगा होता. मामांची हुकली ती जागा त्याला लागलेली. चांगला होता बिचारा, त्याचा काय दोष? आरशातून माझ्याकडं बघत म्हणाला, "असा रस्ता कुणी देत न्हाई साहेब. वळखीचे हायेत का?"

मी म्हणालो, "नाही."