कॉलर अडली

शर्टांच्या कारखान्यात त्या दोघींना नावानं कुणी हाक मारत नसे. एकाच घरातल्या दोन जावा. मोठी ती थोरली आणि लहान ती धाकटी. पुढे धाकटी चाळिशी ओलांडून लाइनची सुपरवायझर झाली, अख्ख्या रांगेवर आवाज चढवायचा हक्क तिला मिळाला, तरी ती धाकटीच राहिली.

तिला इथं आणलं होतं थोरलीनंच. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला साधी बॉबिन भरता येत नव्हती. थोरलीनं तिचा हात आपल्या हाताखाली धरून कापडाला वळण कसं द्यायचं ते शिकवलं. नंतर थोरलीचा नवरा गेला, मुली लग्न होऊन लांब गेल्या, आणि ती धाकट्या दिराच्या घरातच राहिली. सकाळी दोघी बरोबर निघायच्या, संध्याकाळी बरोबर परतायच्या. शर्टात सगळ्यात अवघड काम कॉलरचं, कारण तिची दोन्ही टोकं सारखी आणि धारदार यावी लागतात. वर्षानुवर्षं ते मशीन थोरलीचं होतं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

मग लाइन मागे पडायला लागली. आधी थोडी, मग बरीच. साहेबांनी धाकटीला काचेच्या खोलीत बोलावलं. ते कधी ओरडत नसत, त्यामुळे त्यांची भीती जास्त वाटायची. ही मोठी ऑर्डर वेळेत गेली नाही तर लाइन मोडायची, बायका बाकीच्या लाइनींत वाटून टाकायच्या आणि ज्या कुठेच बसणार नाहीत त्यांना घरी पाठवायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. वर म्हणाले, की तुम्हाला मदत म्हणून मुख्य कचेरीतून एक माणूस येतोय.

माणूस आला तो किडकिडीत, गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेला. बायकांनी लगेच त्याचं नाव घड्याळवाला ठेवलं. तो मागे येऊन उभा राहिला की भल्याभल्यांची टीप वाकडी जायची. पण पहिल्या दिवशी तो कुठल्याच मशीनमागे थांबला नाही. धाकटीच्या मागे मागे फिरला. हिला दोरा हवा, तिची सुई मोडली, पलीकडे पट्टा घसरला, इकडे बाह्यांचा गठ्ठा सापडेना; धाकटी पायाला भिंगरी लावल्यासारखी धावत होती. सुटायच्या वेळी तो हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही दिवसभरात एकही काम पुरं केलं नाही. कुणी हाक मारली की हातातलं टाकता."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही पोरं येणार, घड्याळ दाखवणार आणि निघून जाणार. पण रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते खरं होतं.

तिनं त्याचं ऐकायचं ठरवलं. मशीन सुरू व्हायच्या आधी प्रत्येकीजवळ भरलेल्या बॉबिन आणि जादा सुया ठेवून दिल्या. मेकॅनिकला दहा वेळा हाका मारण्यापेक्षा सगळ्या तक्रारी एकदमच सांगायला लागली. बाह्या, कफ, खिसे आदल्या संध्याकाळीच ओळीनं लावून ठेवले. कुणी हाक मारली तर आधी हातातलं संपवायचं, मग वळायचं. हे शिकताना तिच्या नाकी नऊ आले, पण चार-सहा दिवसांत लाइनला जीव आला. तिला उभं राहून श्वास घ्यायला वेळ मिळू लागला, आणि तो मिळाला म्हणूनच तिला दिसलं की पुढच्या सगळ्या मशीन नुसत्याच थांबल्या आहेत.

"कॉलर अडली," कुणीतरी म्हणालं.

ती थोरलीच्या मागे जाऊन उभी राहिली. थोरलीनं मान एका बाजूला कलती धरली होती, जणू कापडाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती. टीप घालायची, टोकावरून अंगठा फिरवायचा, चुकलेलं उसवायचं, पुन्हा घालायची. अलीकडे चहा ओतताना कपाबाहेर सांडत होता. दारात उभ्या माणसाला थोरली आवाज ऐकल्याशिवाय ओळखत नव्हती. ते सगळं धाकटीनं वयावर ढकललं होतं.

तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर थोरलीनं खरं सांगितलं असतं, आणि खरं कळल्यावर काय करायचं हे तिला सुचत नव्हतं.

त्याऐवजी ती चोरून कॉलर शिवायला लागली. सकाळी काहीतरी निमित्त सांगून एकटीच लवकर निघायची. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्या की थोरलीच्या मशीनवर बसायची, डबा तसाच परत न्यायची. शिवलेल्या कॉलर थोरलीच्या गठ्ठ्यात मधेमधे सरकवून द्यायची. घड्याळवाल्यानं लावलेली शिस्त बघता बघता पार विस्कटली. बॉबिन भरायच्या राहिल्या, मेकॅनिकला सांगायचं राहिलं, आणि एके दिवशी कफ तपासायचे राहून गेले. कटिंगमधून दोन छटांचे कफ आले होते. संध्याकाळी गठ्ठे उजेडात गेले तेव्हा कळलं, की पांढऱ्या शर्टांना पिवळसर कफ लागलेत. एक-दोन नव्हे, अख्ख्या ढिगाला.

दुसऱ्या दिवशी सगळी लाइन हातात ब्लेड घेऊन उसवत बसली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. साहेबांनी पुन्हा काचेच्या खोलीत बोलावलं. "उद्यापर्यंत मला सांगा, या लाइनमधून कुणाला कमी करायचं. तुम्हाला सांगता येत नसेल तर ती बाई तुम्हीच, असं मी समजेन."

ती बाहेर आली ती थेट मागच्या नळांपाशी. तोंडावर पाणी मारत राहिली. पाठीमागे पावलं वाजली. थोरली भिंतीला हात लावत लावत आली होती.

"माझ्या गठ्ठ्यात तुझा हात फिरतोय, हे मला कळत नाही असं वाटलं का तुला?"

धाकटीनं नळ बंद केला.

"डोळे गेलेत माझे, बोटं नाही गेली. तुझी टीप मी शिकवलीय. ती मला अंधारातसुद्धा ओळखू येते."

"डॉक्टरकडे जाऊ या, जाऊबाई."

"जाऊन आले. गेल्या वर्षीच. नजरेतलं मधलं दिसायचं गेलंय, ते परत येत नाही म्हणाले." तिनं धाकटीचं ओलं तोंड पदरानं पुसलं. "तुला सांगितलं असतं तर तू मला मशीनवरून उठवलं असतंस. आणि तसंच करायला हवं होतंस. साहेबांना माझं नाव दे."

"नाही देणार."

"मग काय करशील? मी घरी बसून राहीन आणि तूही माझ्या शेजारी येऊन बसशील?"

धाकटीनं हात टेकले आणि शेवटी ती घड्याळवाल्याकडे गेली. आजवर लपवलेलं सगळं तिनं त्याच्यापुढे ओतलं. बोलता बोलता तिला रडू फुटलं, आणि तो बिचारा स्टॉपवॉचची दोरी बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, की शिवलेली कॉलर उलटून तिची टोकं काडीनं बाहेर काढायची, हे कामही शिवणारीच करते. ते वेगळं काढलं आणि मशीनवर दुसरीला बसवलं तर लाइन सुटेल, कुणाला कमी करायला नको; साहेबांशी मी बोलतो. त्या कामाला नजर लागत नाही, बोटं लागतात. पण ते टेबलावरचं काम. हेल्परचं. पगारही हेल्परचाच.

ज्या टेबलावर नव्यानं आलेल्या पोरी दोरे कापत उभ्या असतात, तिथं अर्ध्या लाइनला शिवायला शिकवलेल्या बाईनं उभं राहायचं. धाकटीला हे घरी सांगणं जमलं नाही, तिथंच, सगळ्यांच्या देखत सांगावं लागलं. थोरलीनं ऐकून घेतलं. खुर्चीवरची आपली मळकी उशी उचलली, क्षणभर कुठे ठेवावी ते न कळल्यासारखी हातात धरली, आणि मग टेबलाखाली टाकून दिली. एक पोरगी आपणहून सरकली आणि तिला जागा करून दिली.

थोरलीच्या हातून निघालेली टोकं सुरेख येत होती. लाइन सुटली. ऑर्डर वेळेत गेली. साहेबांनी धाकटीला बाकीच्या सुपरवायझरांपुढे उभं करून वेळ कसा सांभाळावा ते हिच्याकडून शिका म्हणून सांगितलं, आणि ती मान खाली घालून उभी राहिली. थोरली घरात जेवढ्यास तेवढं बोलत होती. रागानं नव्हे, राग असता तर धाकटीला बरं वाटलं असतं.

नंतर एका सकाळी थोरली तयार झालीच नाही. कॉटच्या कडेला बसून होती.

"आजपासून नाही येणार मी."

"का? कुणी काही बोललं का?"

"कुणी नाही. सगळ्या फार चांगल्या वागतात. नळापर्यंत हात धरून सोडतात." ती म्हणाली, "मला तेच सोसत नाही."

धाकटी तिच्याशेजारी बसली. कारखान्याची बस निघून गेली हे दोघींनाही आवाजावरून कळलं. शेवटी थोरलीनंच तिच्या पाठीवर हात ठेवून तिला उठवलं.

ती पोचली तेव्हा लाइन भरात चालली होती. बॉबिन भरलेल्या, गठ्ठे ओळीनं लावलेले, मेकॅनिक आपला येऊन गेलेला. तिच्यावाचून कुणाचं काहीही अडलं नव्हतं. टेबलापाशी घड्याळवाल्यानं दुसरी बाई उभी केली होती. ती नवी होती, काडी वेडीवाकडी धरत होती, आणि टोक बोथट आलं की घाबरून इकडेतिकडे बघत होती.

धाकटी तिच्याजवळ गेली. शिकवायला हात पुढे केला, आणि तो तिथंच थबकला. मग तिनं त्या बाईचा हात आपल्या हाताखाली धरला, आणि बराच वेळ दोघी एकच कॉलर उलटत राहिल्या.